उठून जाईन म्हणालो होतो, ताई

ताई, तुझ्या मयतीला चार जण बोलले आणि चौघेही तुझ्याबद्दल खोटं बोलले. पाळकसाहेब म्हणाले, एस्तेरबाई म्हणजे सहनशीलतेची मूर्ती. आपल्या चर्चमध्ये मूर्ती नसते, पण त्या दिवशी त्यांनी तुझी करून टाकली. दवाखान्यातली तुझी जुनी मैत्रीण म्हणाली, सिस्टरनी कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. मला त्या पेटीचं झाकण उघडून तुला विचारावंसं वाटत होतं, की बाई, हे कोणाबद्दल चाललंय? वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्या पुढाऱ्याला तू दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं होतंस. ऐंशी वर्षांच्या डॉक्टरांना ‘तुमचा हात थरथरते, सुई मले द्या’ म्हणाली होतीस. तू सोसलंस हे खरं आहे. मुकाट्यानं सोसलंस हे मी कोणाला म्हणू देणार नाही.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, भावाला दुःखानं बोलवेना. दुःख होतंच, पण त्यापेक्षा मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि ते तीनशे लोकांसमोर कसं भांडणार? आज बारा दिवस झाले. अकोल्याला घरी आहे, शाळेला सुटी आहे. आता भांडतो.

तुझ्या हट्टाची माझी पहिली आठवण त्या पोपटी साडीची आहे. मी अकरा वर्षांचा होतो आणि तू सव्वीसची. आपल्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत दोघांची नावं मोठ्यानं वाचतात, कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगावं म्हणून. तुझं नाव दोन रविवार वाचलं गेलं. तिसऱ्या रविवारी तू नवी पोपटी साडी नेसून बसलीस, मी तुझ्या शेजारी. पाळकांनी सूचना वाचल्या. संडे स्कूलची सहल, विहिरीचा बिघडलेला पंप. मग कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मुलाकडच्यांना अचलपूरची चांगल्या घरची मुलगी मिळाली होती आणि आपल्याला कळवायची तसदी कोणी घेतली नव्हती. साऱ्या मंडळीला आणि तुला ते एकाच वेळी कळलं. माझा हात तू इतका घट्ट धरला होतास की घरी आल्यावरही बोटं दुखत होती.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, आज घरीच राह्य, लोक बोलतील. तू पेटीतून तीच पोपटी साडी काढलीस. ‘बोलू द्या ना. मी काय बहिरी हाओ काय?’ म्हणालीस आणि जाऊन त्याच बाकावर बसलीस. गाणी इतक्या मोठ्यानं म्हटलीस की ऑर्गन वाजवणारे काका दोनदा चुकले. सूर तुला कधीच नव्हता. पुढे चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं तू त्याच बाकावर बसलीस, आणि तो माणूस बायकोमुलांसकट तीन बाकं पुढे. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही.

आणि या अशा बाईच्या हाताखाली वाढलेला मी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून मला डी.एड. करण्यापर्यंत सगळं तूच केलंस. मग माझ्यात हट्ट येणार नाही तर काय येणार? तू नंतर मला नऊ वर्षं ‘सोड, सोड’ म्हणत राहिलीस, तेव्हा मला हेच म्हणायचं होतं, की धरून ठेवायला तूच शिकवलंस.

विलासची गोष्ट तुला सांगायची गरज नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला कळावं म्हणून लिहितो. विलास धामणगाव रेल्वेहून अमरावतीला आपल्या मिशन कंपाउंडच्या बोर्डिंगात आलेला मुलगा, माझ्याच वर्गातला. दर रविवारी आपल्याकडे जेवायचा. ‘त्याची माय दूर हाये’ म्हणून त्याच्या ताटात तू माझ्या आधी वाढायचीस. मोठेपणी मी अकोल्याच्या शाळेत लागलो आणि वर्षभरानं त्याला मीच तिथे लावून घेतलं. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये, एका चर्चमध्ये, एका डब्यातली भाजी. मग जुने मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले आणि पुढचा मी, हे शाळेच्या शिपायालाही माहीत होतं. त्याच महिन्यात माझ्या बायकोचं, मंगलचं, ऑपरेशन निघालं. मी पंधरा दिवस नागपूरला होतो. परत आलो तर खुर्चीत विलास.

त्यानं संस्थेच्या लोकांना सांगितलं होतं, सुधाकरला घरचंच खूप आहे, त्याला हे ओझं नको आहे. माझ्या काळजीपोटी! खुर्ची ओढून घेतली असती तर मी समजू शकलो असतो. त्यानं माझ्या बायकोच्या आजारपणाची पायरी करून तिच्यावर आपला पाय ठेवला. सगळे म्हणाले, वर तक्रार कर. मी केली नाही. तक्रारीचा निकाल लागतो, रागाचा लागत नाही, म्हणून मला राग बरा वाटला.

नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. रजेचे अर्ज ‘माननीय मुख्याध्यापक महोदय’ असे लिहून शिपायाच्या हाती पाठवायचो. चर्चमध्ये तर आणखी अवघड. प्रभुभोजनाआधी पाळक म्हणतात, ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं आधी ते सरळ करावं, मग पुढे यावं. मी निदान खोटेपणा केला नाही. ते वाक्य येण्याआधी, तिसऱ्या गाण्याला, उठून बाहेर जायचो आणि सायकल स्टँडजवळ उभा राहायचो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, न चुकता. तुला माहीत आहे त्याचं काय झालं. मंडळीतल्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं की सुधाकर सरांना साखर झाली, म्हणून त्यांना मधेच उठावं लागतं. एका मावशींनी कारल्याच्या रसाची बाटली आणून दिली. बुधवारच्या प्रार्थनेत माझ्या साखरेसाठी प्रार्थना झाली. मी खरं सांगू शकत नव्हतो, म्हणून दोन महिने तो रस प्यालो. मंगलनं हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणे खोकला येईपर्यंत हसलीस, आणि म्हणालीस, ‘त्याले साखर-बिखर काई नाई झाली. त्याले विलास झाला.’

मला ते तेव्हा झोंबलं. आजही झोंबतं.

त्याहून जास्त झोंबायचं ते हे, की विलासला तू दार बंद केलं नाहीस. तो अमरावतीला आला की तुझ्याकडे यायचा. तू त्याला चहा द्यायचीस. मी तुला विचारलं होतं, माझ्या पाठीत सुरी घालणाऱ्याला तू बिस्किटं कशी देतेस? तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात थांबवला नाहीस आणि मला लग्न मोडल्यानंतरची ती सात वर्षं सांगितलीस, जी मला तोवर ठाऊकच नव्हती.

‘सात वर्सं मी त्या मानसाचं वाईट चिंतलं, सुध्या. रोज. चर्चमध्ये बसूनबी तेच. लोक म्हनत, एस्तेर कशी धीराची हाये. माह्या पोटात त जाळ होता. मंग एक दिस त्याचीच पोरगी आली ना माह्या वॉर्डात. न्यूमोनिया. दीड वर्साची. तिच्या खाटेपासची घंटी वाजली अन् मी उठलीच नाई. दुसऱ्यांदा वाजली तवा उठली. मधात किती येळ गेला, मले सांगता येत नाई. पोरीले काई झालं नाई, देवाची दया. पन मले माहीच भीती वाटली.’

तू भाकरी उलटलीस.

‘दुसऱ्या दिसापासून सकाळी उठून त्याचं नाव घेतलं. प्रभू, त्याचं भलं कर. त्याच्या पोरीले जगव. त्याच्या बायकोले सुखी ठेव. मनात अजिबात नव्हतं. दात आवळून म्हनत होती.’

‘मग ती खोटी प्रार्थना झाली,’ मी म्हणालो.

‘खोटी काहून? मनात आल्यावर त कोनीबी करते. मनात नसतानीच कराची असते ते.’

‘आणि त्यानं माफी मागितली का कधी?’

तेव्हा तू हातातली भाकरी खाली ठेवलीस. ‘प्रभूनं त्या लोकायसाठी मांगतलं तवा खिळे ठोकनं चालूच होतं, सुध्या. माफी मांगाले कोन आलं होतं त्याच्यापाशी?’

मी चिडलो. म्हणालो, तो प्रभू होता, मी सहायक शिक्षक आहे. तू म्हणालीस, मग त्याच्या सहायकासारखं वाग. त्यानंतर प्रत्येक भेटीत हाच वाद. तुझं म्हणणं, विलाससाठी रोज एक नेमकी गोष्ट माग, गोलगोल नको. माझं म्हणणं, आधी त्यानं माझ्यासमोर येऊन कबूल करावं. तुला वाटायचं मी कडू होत चाललोय. मला वाटायचं, ज्या एका माणसानं माझ्या बाजूनं ओरडायला हवं होतं तीच मला गप्प करतेय. तू कोणासाठी ओरडली नाहीस सांग? माझ्याच वेळी तुला शास्त्र आठवलं.

आपली शेवटची भेट संत्र्यांवरून बिघडली. मी स्वयंपाकघरात गेलो तर कोपऱ्यात पेटी. शेंदूरजनाघाटची संत्री, वर गवत अजून ओलं. कोणी आणली विचारलं तर तू सरळ सांगितलंस, विलासनं. तुझं हृदय तेव्हा अर्धंच काम करत होतं, डॉक्टरांनी मला बजावलं होतं की यांना त्रास होईल असं बोलू नका. मी बोललो. बोलू नये ते सगळं बोललो. शेवटी म्हणालो, ‘तो तुझ्या मयतीला आला ना, तर मी उठून जाईन. सांगून ठेवतो.’

तू एक संत्रं सोललंस, माझ्याकडे बघत बघत एकेक फोड खाल्लीस आणि म्हणालीस, ‘मंग जाय. तो येईनच. अन् मी त पेटीत राहीन, तुले थांबवाले कोन उठन?’

मी न जेवता निघालो. चार दिवसांनी तुझा फोन आला. मी उचलला आणि ‘वर्गावर आहे’ म्हणून ठेवला. त्या दिवशी शाळेला सुटी होती. ताई, हे मी अजून मंगललाही सांगितलेलं नाही. तुला काय बोलायचं होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि हा दोष मी विलासच्या माथी मारू शकत नाही. फार प्रयत्न करून पाहिला. सोमवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला.

कब्रस्तानात तो होता. दूर, फाटकापाशी, भिंतीला टेकून. कोणी त्याच्याजवळ उभं नव्हतं आणि सगळे मात्र माझ्याकडे बघत होते, कारण आपल्या मंडळीत कोणाचं कोणाशी काय आहे हे लपून राहत नाही. पेटी कबरीच्या कडेला ठेवली होती. माझे पाय फाटकाकडे वळले. ताई, मी खरंच निघालो होतो. तुला दिलेला शब्द पाळायला निघालो होतो असंच म्हण.

मी जवळ येतोय हे पाहून तो घाबरून म्हणाला, ‘सुधाकर, मी जातो. ताईनं मले सांगितलं होतं, मी आलो त तू उठून जाशीन म्हनून. तू नोको जाऊ, मीच जातो.’ आणि खरंच वळला. गुडघा धरून, लंगडत. त्याचा गुडघा एवढा बिघडलाय हे मला माहीतच नव्हतं. नऊ वर्षांत मी त्याला चालताना नीट पाहिलं नव्हतं.

मला त्याची दया आली असं लिहिलं तर तू वरून हसशील. दया आली नाही. मला प्रचंड राग आला. माझी खुर्ची यानं ठरवली, माझं ओझं यानं ठरवलं, आणि आता माझ्या बहिणीच्या मातीतून कोण जाणार हेही हाच ठरवणार? मी ओरडलो. तुझ्यासारखाच ओरडलो, अख्ख्या कब्रस्तानात ऐकू गेलं.

‘तू कोन ठरवनार रे? चाल. दोर धर.’

दोन दोर होते, चार टोकं. घरचे पुरुष आम्ही तीनच, मी, माझा मुलगा अमोल आणि धामणगावचा चुलतभाऊ. चौथं टोक मंडळीतलं कोणीतरी धरणार होतं. ते विलासनं धरलं, बरोबर माझ्या समोर. पेटी खाली सोडताना समोरासमोरच्या दोघांनी एकाच चालीनं दोर सोडावा लागतो, एकानं घाई केली की पेटी कलते. ती कललीच. त्याचा गुडघा दुमडला आणि दोर त्याच्या हातातून सरकला. बायका ओरडल्या. मी माझं टोक आवळून धरलं आणि म्हणालो, ‘थांब. घाई नको. आता हळू सोड. वीतभर. आणखी वीतभर.’ तो माझ्या तोंडाकडे पाहत सोडत गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात दोरात असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. अशी तू खाली गेलीस. आम्ही दोघांनी मिळून तुला नीट ठेवलं, एवढं तुला सांगतो.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली आणि आम्ही परत निघालो. मंगल आणि अमोल चुलतभावाच्या मुलीच्या गाडीनं पुढे गेले, मी तुझी कागदपत्रं आवरून दुपारच्या एसटीत बसलो. बस भरलेली, एकच जागा रिकामी, माझ्या शेजारची. आणि विलास चढला. यात देवाचा हात होता असं पाळकसाहेब म्हणतील, मी म्हणतो महामंडळाचा होता.

बडनेरा गेलं आणि मी बोलायला सुरुवात केली. नऊ वर्षांचं सगळं. नागपूरचा दवाखाना, खुर्ची, ‘सुधाकरला ओझं नको’, माझे अर्ज, सायकल स्टँड, कारल्याचा रससुद्धा. आवाज चढत गेला. पुढच्या सीटवरच्या बाईनं पोराला मांडीवर ओढून घेतलं. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. मूर्तिजापूर आलं तेव्हा मी थांबलो, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टँडवर बस उभी होती, खाली भजेवाला ओरडत होता, आणि विलास खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हव. मी खोटं बोललो होतो. मले पाह्यजे होती ते खुर्ची.’

बस. एवढंच. नऊ वर्षं मी या वाक्यासाठी अडून बसलो होतो. ते मिळालं, आणि खरं सांगू ताई? मला काहीच वाटलं नाही. वाटलं होतं ढोल वाजतील. आत तसाच जाळ, जरा कमी धूर. तेव्हा कळलं, की तो कबूल झाला तरी माझं मला करायचं ते शिल्लकच होतं. तू हेच सांगत होतीस ना? मग इतकी वर्षं सोप्या शब्दांत का नाही सांगितलंस?

पुढे बोरगाव मंजू येईपर्यंत तो बोलत होता. म्हणाला, ‘ताईनं मले एकबी खेपेले फुकट चहा नाई पाजला. दारात पाय ठेवला का पयलं विचारे, सुध्याले सांगितलं काय? मी नाई म्हनलं का आंगनात उभं करून झापे. मंग घरात घे. मले सांगाचं होतं रे. माह्यानं हिंमत नाई झाली.’

म्हणजे तू माझ्यासाठी ओरडत होतीस. माझ्यामागे, अंगणात उभी राहून, अर्ध्या हृदयानं. आणि मला मात्र एका अक्षरानं कळू दिलं नाहीस, कारण ते मला सांगायचं काम त्याचं होतं. बसमध्ये मी तोंड खिडकीकडे वळवलं. तुझे आभार मानायचे राहिले ताई, ते आता या कागदावरच मानतो. आणि संत्र्यांच्या दिवशी बोललो त्याची माफीही इथेच मागतो. पण एवढ्यानं तुझं सगळं म्हणणं मी मान्य केलं असं समजू नकोस. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये शेवटपर्यंत थांबेन की नाही, तेही आज सांगत नाही. विलासला मी ‘माफ केलं’ असं म्हटलेलं नाही. तो शब्द मनात नाही, आणि मला नाटक जमत नाही.

अकोल्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नेहमीसारखे प्रार्थनेला बसलो. आमच्या घरी रोज मी प्रार्थना करतो, नावं घेऊन, ठरलेल्या क्रमानं. अमोल जन्मल्यापासून पहिलं नाव तुझं. ‘आमच्या ताईला,’ मी सवयीनं म्हणालो आणि जीभ अडकली. आपल्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते आता त्याच्यापाशी आहेत, त्यांना आपल्या मागण्याची गरज नाही, हे तूच मला आई गेली तेव्हा शिकवलं होतंस. मग मी तुझं नाव कुठे ठेवू? पुढे सरकता येईना आणि थांबता येईना. मंगलनं डोळे किलकिले करून पाहिलं. अमोल तसाच मान खाली घालून होता.

‘विलासला,’ मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, दात आवळून. ‘त्याच्या गुडघ्याला आराम पडू दे. त्याला जिना चढता येऊ दे.’

मंगल आमेन म्हणाली. अमोल म्हणाला. शेवटी मीही म्हणालो.